संक्रांतीचा पाऊस, आषाढीचं पाणी

४ जुलै, शुक्रवार

बाबांनी आयुष्यभर पाणी मोजलं. नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातली बरीच वर्षं उजनीवर. आमच्या घरात पाऊस मिलिमीटरमध्ये आणि धरण टीएमसीमध्येच, म्हणजे अब्ज घनफुटांतच, बोललं जायचं. मी त्याच उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, दर हिवाळ्यात पक्षी बघायला जाते. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या चिखलात रोहित उतरतात, ते बघायला. बाबांच्या हिशेबात ते पाणी शेताचं आणि सोलापूरच्या नळांचं. माझ्या हिशेबात त्यात रोहितांचाही वाटा आहे. यावरून आमचे वीस वर्षं वाद चाललेत. "समुद्राला गेलेलं पाणी वाया गेलं" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते मला त्यांच्या आवाजातच आठवतं.

दीड वर्षापूर्वी मी त्यांना सांगितलं, की आफ्रिकेत एक मोठी नदी आहे, ती समुद्राला जातच नाही. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मग जाते कुठं?"

ओकावांगो अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडते, बोत्सवानात शिरते आणि कलहारीच्या वाळूत पंख्यासारखी पसरून तिथंच संपते. तिच्या पसरलेल्या पाण्यात, एका बेटावर, आठ तंबूंचा एक कॅम्प आहे. तिथं चार रात्री राहायचं आम्ही ठरवलं. अशा कॅम्पमध्ये जून ते ऑक्टोबरच्या मोसमात माणशी एका रात्रीला हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात, हे आधीच सांगते. बोत्सवानाने पर्यटक थोडे आणि दर चढे असं धोरण मुद्दाम ठेवलंय, आणि आमच्यासारख्या घराला ते परवडायला बरीच वर्षं साठवावं लागतं. मी साठवले होते. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, गुडघे कुरकुरतात. आणखी थांबण्यात अर्थ नव्हता.

मुंबई, अदिस अबाबा, जोहान्सबर्ग आणि मग माऊन. या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. माऊन हे डेल्टाच्या, म्हणजे नदीच्या त्या पसरलेल्या पंख्याच्या, दक्षिण टोकाचं गाव. सपाट, धुळकट, रस्त्यात गाढवं आणि शेळ्या निवांत उभ्या. बाहेर पडल्या पडल्या बाबांच्या हातात बोत्सवानाची नोट आली. चलनाचं नाव 'पुला'. पुला म्हणजे पाऊस, हे कळल्यावर त्यांनी ती नोट पाकिटात न ठेवता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, ती परत येईपर्यंत तिथंच होती.

पुढचं विमान बारा जणांचं, छोटं. सामान माणशी वीस किलो, तेही कडक सुटकेसमध्ये चालत नाही, मऊ पिशवीच लागते, कारण विमानाच्या पोटातल्या कप्प्यात ती दाबून बसवतात. बाबांच्या पिशवीत स्वेटर दोन, राजगिऱ्याचे लाडू एक डबा, लांब वही एक आणि खिशात मावणारी स्टीलची टेप.

वरून जे दिसलं त्याची मी फोटो पाहून तयारी केली होती, ती पुरली नाही. आधी करडी, कोरडी झाडी. मग त्या करड्यात एक चकाकती रेघ, मग दहा रेघा, आणि मग सगळीकडं पाणीच. त्यात हजारो गोल बेटं, प्रत्येकाच्या कडेनं झाडांची गर्द किनार आणि मध्यभागी पांढरा डाग. हिरव्या गवतातून बोटानं ओढाव्यात तशा वाकड्या वाटा गेल्या होत्या. पायलटनं मागं वळून सांगितलं, त्या पाणघोड्यांच्या वाटा आहेत. बाबा काचेला नाक लावून बसले होते. पंचवीस मिनिटांत ते एकच वाक्य बोलले, "उतार कुठं दिसतच नाही गं."

धावपट्टी म्हणजे वाळूची पट्टी. विमान येण्याआधी जीप एक फेरी मारून जनावरं हुसकते. आमचा गाईड तिथंच उभा होता. "डुमेला मा, डुमेला रा," असं बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं अभिवादन. पुढं मोटरबोटीनं अर्धा तास, वेतासारख्या उंच गवताच्या गल्ल्यांमधून.

तंबू हा शब्द इथं तोकडा पडतो. जाड कॅनव्हासची खोली, पाण्यावर उचललेल्या लाकडी डेकवर बांधलेली, तिन्ही बाजूंना जाळी. आत पलंग, लिहायचं टेबल, पितळी नळांचं न्हाणीघर, आणि मागच्या बाजूला उघड्यावर शॉवर. वीज सौर, टीव्ही नाही. टेबलावर एक भोंगा ठेवलेला, रात्री काही झालं तर वाजवायला. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही, जेवायला न्यायला आणि परत सोडायला माणूस येणार. कॅम्पला कुंपण नाही. जनावरं इथून ये-जा करतात, हे मॅनेजरबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं.

मी पक्ष्यांची दुर्बीण काढेपर्यंत बाबा डेकच्या पायऱ्यांवर बसून एक वाळका बोरू तासत होते. टेपनं मोजून त्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि पायरीलगत तो पाण्यात रोवला. वहीत चार रकाने पाडले: दिनांक, वेळ, पातळी, शेरा. पहिली नोंद शून्य.

गाईडनं विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, पाणी चढतंय की उतरतंय बघायचंय. चढतंय, गाईड म्हणाला. पाऊस तर मार्चनंतर पडलेला नाही, आकाश कोरडं ठणठणीत, आणि पाणी चढतंय. अंगोलात नोव्हेंबरपासून पाऊस पडतो, जोराचा जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी खाली सरकत सरकत इथं भर हिवाळ्यात पोचतं. म्हणजे आम्ही संक्रांतीला तिळगूळ वाटत होतो तेव्हा पडलेला पाऊस आषाढीच्या तोंडावर बाबांच्या बोरूपाशी येत होता.

५ जुलै, शनिवार

रात्रभर डेकखाली कुणीतरी गवत उपटून खात होतं. कर्र, कर्र, मग एक लांब उसासा. पाणघोडे दिवसभर पाण्यात आणि रात्री चरायला जमिनीवर असतात. आम्ही त्याच्या बरोब्बर वर, चार फुटांवर झोपलो होतो. मी श्वास धरून पडले होते, बाबा गाढ झोपले.

पहाटे साडेपाचला दारात चहा. थंडी कडाक्याची. पुण्याचं अक्षांश उत्तरेला साडेअठरा, इथलं दक्षिणेला एकोणीस, विषुववृत्ताला आरसा मानला तर हे आपलंच गाव. म्हणून तिकडं छत्र्या आणि इकडं रबराच्या गरम पाण्याच्या पिशव्या. बोटीत प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पिशवी आणि वर घोंगडी.

पपायरस हा लव्हाळ्याच्याच कुळातला, पण दोन पुरुष उंच, माथ्यावर हिरव्या केसांचा झुपका. त्याच्या भिंतींमधून पाणी वाहतं. पाणी इतकं नितळ, की तळाची पांढरी वाळू कणाकणानं सरकताना दिसते. बाबांनी गाळ विचारला. गाळ जवळजवळ नाहीच. वरून येते ती वाळू, आणि ती तळाशी घरंगळत येते. मग हळूहळू प्रवाहाचा तळ वर येतो, काठाचं पपायरस आत घुसतं, वाट तुंबते आणि पाणी दुसरीकडून फुटतं. जुनी वाट वाळते, तिच्यातला साठलेला पालापाचोळ्याचा थर जमिनीखाली धुमसत जळतो, आणि त्या राखेवर मोकळं गवत येतं. कुठलाच प्रवाह इथं कायमचा नाही. तुंबलेल्या वाटा मोकळ्या ठेवायचं मोठं काम पाणघोडे करतात, रोज त्याच वाटेनं जाऊन येऊन. "म्हणजे कालवा-सफाई," बाबा म्हणाले. उतारही त्यांनी गाईडकडून काढून घेतला: किलोमीटरमागं जेमतेम फूटभर. कालव्याच्या तळाला देतात, जवळपास तसाच.

मला पहिल्या तासातच आफ्रिकन मत्स्यगरुड मिळाला. पांढरं डोकं मागं टाकून तो ओरडला, आणि ती हाक पाण्यावरून लांबवर गेली. कवड्या धीवर आपल्या भिगवणचाच, तसाच हवेत एका जागी फडफडून सूर मारणारा. कमळपक्ष्याची जात वेगळी, पण पानांवरून चालायची ऐट तीच. तिरंदाज, पाणकावळे, उघडचोच. ओळखीच्या घरातली नवी माणसं भेटावीत तसं वाटत होतं. एका उथळ जागी मोठे क्रौंच दिसले, गळ्याखाली पांढऱ्या लोंबत्या पिसांचे, दोघं जोडीनं. ही जात आता आफ्रिकेत विरळ होत चालली आहे. मी त्यांच्याकडं बघत बसले आणि कोणीही मला चला म्हणालं नाही.

या दिवसाचं खरं सांगायचं ते दुपारनंतरचं. एका बेटावर उतरून आम्ही चाललो. पुढं गाईड बंदूक घेऊन, मग बाबा काठी टेकत, मग मी. कडेला झाडांची दाट रांग: रानखजूर, उंच मोकोलवाने ताड, आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं जॅकलबेरी, आणि लांबच लांब फळं दोरीला टांगल्यासारखी लटकणारं सॉसेज ट्री, जे आपल्याकडं बागांत लावतात आणि ब्रह्मदंड म्हणतात. या रांगेच्या आत गेलं की झाडं विरळ होतात, मग खुरटं गवत, आणि बेटाच्या मध्यावर पांढरी, भाजल्यासारखी, उघडी जमीन. विमानातून दिसलेला डाग तो हाच.

बाबा खाली वाकले, चिमूट उचलली, जिभेला लावली. "क्षारपड."

कृष्णाकाठी उसाला पाणी देऊन देऊन वर आलेलं मीठ त्यांनी पाहिलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या पिकलेली काळी जमीन पांढरी होऊन पडीक पडते, हे त्यांच्या नोकरीतलं मोठं दुःख होतं. इथं मात्र त्याच मिठामुळे सगळं जगलंय. असं होतं, की नदीतून वर्षाला जेवढं पाणी येतं त्यातलं जवळजवळ सगळं इथंच हवेत जातं, काही उन्हानं आणि बरंचसं झाडापानांतून. मग पाण्यात विरघळलेले क्षार मागं राहायला हवेत आणि हा सगळा प्रदेश खारट व्हायला हवा. तसं होत नाही, कारण बेटांच्या कडेची झाडं भूजल ओढत राहतात. त्यांच्या ओढीनं आजूबाजूचं पाणी बेटाकडं झिरपतं, झाडं पाणी पितात आणि मीठ बेटाच्या पोटात साठत जातं. भोवतीचं पाणी गोडं राहतं. मध्यभाग मरतो, कडा जगतात.

बेट सुरू कुठून होतं, तर बहुधा एका वारुळापासून. वाळवीनं पुराच्या वर राहील एवढं उंच वारूळ बांधलं, त्यावर पक्षी बसले, त्यांच्या विष्ठेतून बी पडलं, झाड वाढलं, आणि झाडाभोवती बेट. गाईडनं हे वारुळावर हात ठेवून सांगितलं. वारूळ त्याच्या डोक्याच्या वर गेलेलं होतं.

परतीच्या बोटीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग वहीत आकडेमोड केली. नदीतून वर्षाला साधारण दहा अब्ज घनमीटर पाणी येतं. "साडेतीनशे टीएमसी. तीन उजनी भरतील." आणि थोड्या वेळानं, "सगळं झाडांनी प्यायलेलं."

बोरूवर एक सेंटिमीटर.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

उपासाचं मी कॅम्पला आधी कळवलं होतं, पण काय चालतं हे लिहिताना माझी तारांबळ उडाली होती. धान्य नाही, डाळ नाही, कांदा-लसूण नाही, पण बटाटा चालतो. स्वयंपाकीणबाई सकाळी स्वतः टेबलाशी आल्या. शेंगदाणा चालेल? चालेल. रताळं? चालेल. त्यांचा चेहरा खुलला, कारण हे दोन्ही त्यांच्या घरचं. इथं रानभाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात. त्यांनी निखाऱ्यात भाजलेली रताळी, वर कूट आणि मीठ, सोबत दूध असं आणलं. मग विचारलं, उपास कुणासाठी?

बाबांनी सांगितलं. लाखो माणसं आपापल्या गावाहून चालत निघतात, आळंदीहून निघालेली पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते, वीस दिवस, आणि आजच्या दिवशी एका नदीच्या काठी पोचते. बाईंनी विचारलं, नदीत पाणी असतं ना? पाऊस तर तेव्हा नुकताच लागलेला असणार.

हा प्रश्न बाबांना इतक्या लांब कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. कारण त्यांच्या नोकरीतली ही दर आषाढीची काळजी. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच, आणि तिच्यावर वरच्या अंगाला उजनी. पाऊस ओढला तर वारकऱ्यांच्या स्नानापुरतं पाणी धरणातून सोडायचं. पाऊस जोरात झाला तर उलट थोपवून धरायचं, कारण वाळवंटात माणूस मावत नसतो आणि तिथं पूर आला तर अनर्थ. सोडलेलं पाणी किती तासांनी घाटाला लागेल याचा हिशेब करत बाबा त्या रात्री जागायचे. आम्ही लहानपणी एकही आषाढी त्यांच्याबरोबर केली नाही. ते फोनवर असायचे.

हे सगळं त्यांनी बाईंना मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितलं. बाई ऐकून म्हणाल्या, इथं माऊनलाही पाण्याची वाट बघतात. पुराचं पहिलं पाणी कोरड्या पात्रातून माणसाच्या चालीपेक्षाही हळू येतं, पुढं किडे पळतात, त्यांच्या मागं बगळे, आणि मुलं धावत बघायला जातात. २०१९ साली पाणी फारच थोडं आलं. पाणघोडे चिखलात रुतून बसले होते, ते सांगताना त्यांनी डोळे मिटले.

नंतर आम्ही मोकोरोतून निघालो. मोकोरो म्हणजे उथळ पाण्यातली अरुंद होडी, दोन माणसं पुढं बसतात आणि नावाडी मागं उभं राहून लांब काठीनं ढकलतो. पूर्वी जॅकलबेरीच्या किंवा ब्रह्मदंडाच्या अख्ख्या खोडातून कोरत. आता झाडं वाचावीत म्हणून फायबरच्या करतात. काठीला न्काशी म्हणतात. आमचा नावाडी बायेई समाजाचा. या पाण्यात मोकोरो आणणारे लोक ते हेच.

मोकोरोत बसलं की डोळे पाण्यापासून दोन हातांवर असतात. आवाज फक्त काठीचा, आत जातानाचा आणि पाणी निथळत बाहेर येतानाचा. बोरूच्या देठावर नखाएवढा बेडूक. निळी कुमुदं उघडत होती, त्यांच्या पानांखालून मासे पाठ घासून जात होते. समोरून लाल लेचवे हरणांचा कळप पाणी तुडवत गेला. त्यांची धाव उड्यांची, मागचे पाय लांब, आणि शंभर पायांनी एकदम पाणी फोडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. दूर कुठंतरी पाणघोडा घुरघुरला तेव्हा नावाड्यानं होडी लगेच उथळ कडेला घेतली. त्याबाबतीत तो एका क्षणाचीही घाई-चूक करत नव्हता.

एका ठिकाणी त्यानं हात कोपरापर्यंत बुडवून चिखलातून कुमुदाचा कंद उपसला, काळा, केसाळ, आवळ्यापेक्षा मोठा. याला त्स्वी म्हणतात. त्याची आई मांसाबरोबर शिजवते. बाबांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला. "कंदमूळ. आज चाललं असतं." नावाड्याला मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्यानं तो कंद परत चिखलात, होता तिथंच, दाबून बसवला.

बाबांनी मग काठाच्या बाहेर हात काढला. ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, आणि प्यायले. मी काही बोलले नाही. बाटलीतलंच पाणी प्या, असं मी त्यांना दोन दिवस बजावत होते.

"मोहेंबोपासून माऊनपर्यंत किती?" त्यांनी नावाड्याला विचारलं. मोहेंबो म्हणजे नदी बोत्सवानात शिरते ते ठिकाण. साधारण अडीचशे किलोमीटर. आणि पाण्याला किती दिवस? चार महिने.

"वारीएवढंच अंतर," बाबा म्हणाले. "पण कुठं घाई नाही. सगळ्यांना देत देत येतंय."

संध्याकाळी शेकोटीभोवती बसलो. त्रिशंकू, जो पुण्यातून मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजाशी कसाबसा बघायचा, तो इथं चांगला वर चढलेला. रात्री नऊच्या सुमारास चंद्र थेट डोक्यावर आला, वृश्चिकेच्या डोक्याशी, अनुराधेच्या घरात. बाबांची आई म्हणायची, अनुराधेवर देव झोपतो. माणूस आम्हाला तंबूपर्यंत सोडायला आला तेव्हा तिघांच्याही सावल्या पायांखाली गोळा झालेल्या होत्या.

बोरूवर दोन.

७ जुलै, सोमवार

दिवसभर जीप. वाळूच्या वाटा, मधेच पाण्यातून जाणारी चाकं, बॉनेटवर येणारं पाणी. दोन सिंहिणी आणि त्यांची पिल्लं एका वारुळावर ऊन खात होती. आम्ही पाऊण तास थांबलो. बिबट्या दिसला नाही. माशांवर जगणारं ते मोठं तांबूस घुबड, ज्यासाठी मी वर्षभर स्वप्न बघत होते, तेही नाही. त्याचं फक्त एक पीस मिळालं, ते मी बघून तिथंच ठेवलं. वाईट वाटलं, ते वाटलंच.

दुपारी मात्र कॅम्पच्या समोरूनच हत्ती गेले. अकरा. पुढं म्हातारी हत्तीण, सोंडेनं पाण्याची खोली चाचपत, मागं पिल्लं, त्यांच्या फक्त सोंडा वर. पलीकडच्या काठावर चढल्यावर प्रत्येकाच्या अंगावर पाण्याची रेघ उमटलेली, वर करडा आणि खाली काळा. बाबा म्हणाले, किती पाण्यातून गेले ते अंगावर लिहून आलंय बघ. बोत्सवानात सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. हा आकडा ठाऊक होता, पण अकरा जणांना मोजताना तो पुरता विसरायला झाला.

रात्री जेवताना बाबा आणि गाईड यांची बैठक लांबली. नदी तीन देशांची: अंगोला, नामिबिया, बोत्सवाना. पाऊस अंगोलात पडतो, पाण्यावर जगतो तो बोत्सवाना. अंगोलात १९७५ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललं. वरच्या खोऱ्यात सुरुंग पेरलेले होते, म्हणून तिथं धरणं, कालवे, मोठी शेती काहीच उभं राहिलं नाही. त्या दुःखाच्या काळात नदी मात्र अडवल्यावाचून राहिली. आता तिथल्या लोकांनाही वीज हवी, शेती हवी, आणि ती हवीच. तिन्ही देशांनी १९९४ साली मिळून एक आयोग नेमलाय, नदीबद्दल एकत्र बोलायला. कृष्णेच्या पाण्यासाठी महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र लवादापुढं किती वर्षं भांडले ते बाबांनी सांगितलं. गाईड लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, तुमच्याकडं खालच्या राज्याला काय मिळालं? बाबांनी सगळं सांगितलं, वरच्या राज्याचा माणूस म्हणून काही झाकलं नाही.

मग गाईडनं टेबलावर मिठानं रेघ ओढली. माऊनजवळ जमिनीत एक भ्रंश, म्हणजे खडकांना गेलेला लांब तडा, आहे, थामालाकाने. पंख्यासारखं पसरत आलेलं पाणी तिथं अडतं आणि त्या रेषेला लागून वाहायला लागतं. पूर मोठा असेल तर थोडं पाणी पुढं बोटेटी नदीतून वाळवंटाकडं जातं.

"म्हणजे बांध आहेच," बाबा म्हणाले. "फक्त तो कुणी बांधलेला नाही." हे म्हणताना ते त्या मिठाच्या रेघेकडं बघत होते आणि त्यांचा आवाज बारीक झाला होता. उजनीखाली गेलेल्या गावांबद्दल बाबा सहसा बोलत नाहीत. त्या रात्री बोलले. कुठल्या गावाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर येतं, कोण म्हातारा दरवर्षी ते बघायला यायचा. मी हे पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याच पाण्यावर होडीतून रोहित बघत फिरते.

अडीच सेंटिमीटर.

८ जुलै, मंगळवार

निघायची सकाळ. मी पसारा आवरत होते तेव्हा बाबा पायऱ्यांवर होते, खोल्या आवरायला येणाऱ्या बाईंना बोरू कसा वाचायचा ते दाखवत. डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, वरून बघायचं नाही, लाट आली तर थांबायचं. बाईंनी गुडघ्यावर बसून वाचला आणि बोटांनी दाखवला, तीन. बाबांनी मान हलवली. बाईंनी विचारलं, तुम्ही गेल्यावर काठी ठेवू का काढू? ठेवा, बाबा म्हणाले. पाणी उतरायला लागेल तेव्हा तेही कळेल. वहीतली मागची आठ-दहा कोरी पानं त्यांनी टेपच्या धारेनं सरळ फाडली, प्रत्येकावर चार रकाने आखले आणि ती बाईंना दिली.

धावपट्टीवर उतरलेल्या विमानातून पुढचे पाहुणे आले, सहा जण, गळ्यात कॅमेरे. गाईडनं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "के आ लेबोगा, रा." बाबांनीही तेच परत म्हटलं. आभाराचा हा शब्द त्यांनी पहिल्याच संध्याकाळी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला होता.

विमान वर चढलं, बेटं पुन्हा गोल झाली, पांढरे डाग पुन्हा दिसायला लागले. बाबांनी वही मांडीवर उघडी ठेवली होती. चार दिवस शेऱ्याचा रकाना रिकामाच होता. आजच्या ओळीत मी वाचलं:

८ जुलै. स. ६.४०. ३ सेंमी. वारा नाही. पाणी निवळ. वाढ चालू.